सेल्फीचं कार्टून झालं, पण आत्याचं कुंकू कुठं गेलं?

आत्याच्या पंचाहत्तरीला कॉफीचे मग छापून घ्यायचं ठरलं, प्रत्येक मगवर आत्याचं कार्टून, आणि ते काम भाचीनं अंगावर घेतलं कारण तिच्या फोनमधे सेल्फीचं कार्टून करणारं अ‍ॅप आहे. आत्याला शेजारी बसवून सेल्फी काढला, दहा सेकंदात चित्र तयार. डोळे मोठ्ठे, गाल गुळगुळीत, केसांना चमक. फॅमिली ग्रुपवर टाकलं तर धाकटे काका विचारतात, "ही कोण गं?" आत्या गेली पन्नास वर्षं कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावते, ते चित्रात नव्हतंच. पुढचे दोन दात जरा बाहेर आहेत ते आत गेलेले, हनुवटीवरचा तीळ गायब. बाई सुंदर होती पण आत्या नव्हती.

त्याच संध्याकाळी भावाच्या मुलानं लाइटबिलाच्या मागे बॉलपेननं चार रेघा मारल्या. नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा, दोन दात, आणि कपाळावर पेन गोल गोल फिरवून भरलेलं कुंकू. सगळे एकदम म्हणाले, आत्या! पोरगा काही चित्रकलेच्या क्लासला जात नाही. मग अब्जावधी आकडेमोडी करणाऱ्या अ‍ॅपला जे जमलं नाही ते याला कसं जमलं, हे माझ्या डोक्यातून जाईना, आणि वाचत गेले तसं लक्षात आलं की दोघं बरोबर उलट्या दिशेनं चालले होते.

आधी अ‍ॅप काय करतं ते बघू. पहिलं काम म्हणजे फोटोत चेहरा कुठं आहे ते शोधायचं. २००१ मधे पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स या दोघांनी यासाठी फार सुंदर युक्ती काढली, डोळ्यांची पट्टी गालांपेक्षा काळसर असते, नाकाचा दांडा दोन्ही बाजूंपेक्षा उजळ असतो, अशा उजेड-काळोखाच्या साध्या चौकटी फोटोभर पटापट लावून बघायच्या. आता ते काम न्यूरल नेटवर्क करतं, म्हणजे ढीगभर फोटो बघून स्वतःच शिकणारा प्रोग्रॅम. मग चेहऱ्यावर बिंदू बसवले जातात, भुवया, पापण्या, नाकपुड्या, ओठांच्या कडा. मीडियापाइप या गुगलच्या सॉफ्टवेअरमधे चेहऱ्याच्या जाळीचे असे ४६८ बिंदू असतात आणि हे सगळं फोनवरच होतं. कुंकवासाठी वेगळा बिंदू नसतो.

इथून पुढे दोन वाटा. बिटमोजी किंवा अ‍ॅपलचं मेमोजी यात नाकं-डोळे-केसांचा तयार संच असतो, त्यातून निवडून जोडायचं, लहान मुलांच्या चित्रांच्या ठोकळ्यांसारखं. दुसऱ्या वाटेवर अख्खं चित्र नव्यानं बनतं, आणि खरी गंमत तिथं आहे.

२०१४ मधे इयन गुडफेलो आणि त्याच्या मॉन्ट्रियलच्या सहकाऱ्यांनी गॅन नावाची पद्धत आणली. दोन नेटवर्क, एक खोटी चित्रं बनवतं, दुसरं खरं-खोटं ओळखतं, आणि एकमेकांना हरवता हरवता दोघंही तरबेज होतात. २०१८ च्या शेवटी एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीचं स्टाइलगॅन आलं, याच पद्धतीनं चेहरे बनवणारं, ते फ्लिकर या फोटोंच्या साइटवरच्या ७०,००० चेहऱ्यांवर शिकवलेलं होतं. त्यातला एकेक फोटो १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचे तीन आकडे, म्हणजे एका चेहऱ्याला ३१ लाखांहून जास्त आकडे. स्टाइलगॅन मात्र अख्खा चेहरा फक्त ५१२ आकड्यांच्या यादीतून उभा करतं! हा सगळा खेळ या यादीचा आहे. यादीतले आकडे हळूहळू बदलले की तोंड वळतं, वय वाढतं, हसू येतं.

चित्र बनतं ते थराथरानं, सुरुवातीच्या थरांत चेहऱ्याची ठेवण, शेवटच्या थरांत त्वचेचा पोत आणि रंग. २०२० मधे टूनिफाय नावाचा, फोटोचं कार्टून करणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी काय केलं, तर खऱ्या चेहऱ्यांवर शिकलेलं नेटवर्क घेतलं, त्याचीच एक प्रत थोड्याशा कार्टून चेहऱ्यांवर आणखी शिकवली, आणि दोघांचे थर अदलाबदल केले. ठेवण कार्टूनवाल्याची, म्हणून डोळे बशीएवढे, आणि पोत फोटोवाल्याचा, म्हणून कातडी खऱ्यासारखी. मला ही कल्पना प्रचंड आवडली, इतकी साधी आहे ती.

आता आत्या कुठं हरवली ते. या नेटवर्कच्या पोटात एक सरासरी चेहरा असतो. तुमच्या फोटोला जुळणारी आकड्यांची यादी शोधायची तर बऱ्याच पद्धतींत शोध त्या सरासरी चेहऱ्यापासूनच सुरू होतो, आणि चित्र वेडंवाकडं येऊ नये म्हणून यादीला सरासरीकडे ओढूनही ठेवतात. सरासरीपासून जितका फरक असेल त्याला एकाहून लहान आकड्यानं गुणायचं, ०.७ हा त्यातला नेहमीचा. समजा सरासरी चेहऱ्यात एखादं माप ६० आहे आणि आत्याचं ६६. फरक ६. त्याचे ०.७ पट म्हणजे ४.२, तर चित्रात येणार ६४.२. हेच दातांचं, हनुवटीचं, सगळ्याचं झालं की उरते एक गोड, नीटनेटकी, कोणाचीच नसलेली बाई. कुंकवाचं तर त्याहून वाईट, कारण शिकताना जे क्वचित दिसलं त्याला या यादीत जागाच मिळत नाही, कपाळावरचा लाल गोल म्हणजे पुसून टाकायचा डाग.

उलट दिशा अमेरिकेतल्या सुसान ब्रेनननं दाखवली, तीही १९८२ मधे, एमआयटीत. तिच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं चेहऱ्याच्या रेषा घेतल्या, सरासरी चेहऱ्याशी ताडून पाहिल्या, आणि फरक वाढवला. तेच माप घ्या, फरक ६, दुप्पट केला तर १२, चित्रात येणार ७२. गणित तेच आहे, फक्त गुणायचा आकडा एकाच्या पलीकडे गेला. आणि १९८७ मधे गिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान कॅरी यांनी लोकांना ओळखीच्या माणसांची अशी चित्रं दाखवली तेव्हा तंतोतंत रेखाचित्रापेक्षा फरक वाढवलेलं चित्र लोकांनी लवकर ओळखलं. सरासरीकडे ओढलेली चित्रं ओळखायला सगळ्यात जास्त वेळ लागला. काका चुकले नव्हते!

मराठीत याला अर्कचित्र म्हणतात, आणि शब्द किती नेमका आहे बघा, बाकीचं सगळं उडून जाऊन अर्क राहतो. गांधीजींचा तर नुसता चष्मा पुरतो, स्वच्छ भारतचा लोगो आठवा, कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलेला, त्यात चेहरा नाहीच आणि तरी कुणाला विचारावं लागत नाही. इंदिरा गांधींचं नाक आणि केसांतली पांढरी बट आपल्या व्यंगचित्रकारांनी वर्षानुवर्षं वाढवत नेली. भावाचा पोरगा नकळत हेच करत होता, आत्यात सगळ्यांपेक्षा वेगळं काय तेवढंच त्यानं काढलं.

सरासरी कोणाची हाही प्रश्न आहेच, आणि तो मला जास्त टोचतो. २०१८ मधे जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली, उजळ कातडीच्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ते सॉफ्टवेअर वेगळ्या कामाचं होतं पण कारण तेच, शिकवताना कोणाचे चेहरे दाखवले. म्हणून कार्टूनमधे आपली माणसं दोन शेड गोरी होऊन येतात आणि आपल्याला ते "छान" वाटतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मुळात सेल्फीच खोटा असतो, हेही यात कळलं. फोन १२ इंचांवर धरला तर ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या मानानं नाक जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, कारण नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ आणि कान फार लांब. अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जननं २०१८ मधे हे गणित मांडलं, नाक मोठं आहे म्हणून लोक सेल्फी दाखवायला यायचे त्याच्याकडे. तेव्हा अ‍ॅपला द्यायचा फोटो दुसऱ्या कोणाला तरी पाच फुटांवरून काढायला सांगा, चेहरा सरळ, उजेड समोरून.

आम्हीही तसंच केलं, भाचीनं अंगणात आत्याला खुर्चीवर बसवून लांबून फोटो काढला आणि पुन्हा कार्टून केलं. नाक आत्याचं आलं. दात आले नाहीत, कुंकूही नाही. शेवटी एका बाजूला अ‍ॅपचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला लाइटबिलावरचं, असे मग छापले, आणि अ‍ॅपच्या चित्रावर कुंकू भाचीनं फोनमधेच बोटानं काढलं, जरा डावीकडे सरकलंय, पण आत्याही तसंच लावते.