वीस पौंडांवरून परत उभा राहिलेला बाजार

जानेवारी 1970 मध्ये बियाफ्राचं युद्ध, म्हणजे नायजेरियातून फुटून निघालेल्या आग्नेय भागाचं युद्ध, संपलं आणि हरलेल्या इग्बो लोकांच्या, म्हणजे तिथल्या मुख्य समाजाच्या, बँक खात्यात आधी कितीही पैसे असोत, सरसकट 20 पौंड हातावर टेकवले गेले. हे वाचताना मला अजूनही राग येतो. पुढे 1972 ला परदेशी कंपन्यांचे शेअर्स नायजेरियन लोकांना विकायचा कायदा आला तर ते घ्यायला यांच्याकडे पैसाच नव्हता. तरी ओनित्शा, न्नेवी, आबा या इग्बो शहरांचे बाजार परत गजबजले, ते कशावर?

एक म्हणजे इसुसू, म्हणजे आपली भिशीच. इग्बोंचा पारंपरिक आठवडा चार दिवसांचा, एके, ओरिए, आफो, न्क्वो, गावोगावचे बाजारही याच वारांना, मग वर्गणीही बाजाराच्या दिवशीच गोळा व्हायची. यातलं गणित फार सुंदर आहे. समजा 12 बायकांना प्रत्येकी 1,20,000 नायराचं (नायरा म्हणजे नायजेरियाचं चलन) शिलाई मशीन घ्यायचंय आणि दरमहा 10,000 बाजूला पडतात. एकेकटीने साठवलं तर सगळ्याजणी 12 महिने थांबणार, पण एकत्र टाकले तर पहिलीला पहिल्याच महिन्यात मशीन, सरासरी वाट साडेसहा महिने, आणि शेवटचीला तेवढंच थांबावं लागतं जेवढं ती एकटीने थांबली असती! फक्त महागाई वाढली की शेवटचा नंबर मार खातो, आणि 2024 मध्ये नायजेरियात महागाई 30 टक्क्यांच्या वर गेली होती.

पण माझ्या मते खरी कमाल 'इमू आहिया'ची, म्हणजे धंदा शिकायची. पोरगा पाच ते आठ वर्षं मालकाकडे, 'ओगा'कडे राहतो, तिथेच जेवतो, सकाळी शटर उघडतो, झाडू मारतो, कुठला बेअरिंग कुठल्या गाडीचा ते डब्याला हात लावून ओळखायला शिकतो, पगार नाही. मुदत संपली की ओगा त्याला 'सेटल' करतो, म्हणजे गाळ्याचं भाडं, सुरुवातीचा माल, थोडी रोकड. थोडक्यात स्वतःच्याच पैशाने शेजारी स्पर्धक उभा करतो, आणि तो स्पर्धक पुढे स्वतःची पोरं घेतो!

गोची शेवटच्या वर्षात होते. काही ओगा ऐन वेळी पोरावर चोरीचा आळ घेऊन रिकाम्या हाताने घरी पाठवतात, आणि सगळं तोंडी ठरलेलं असेल तर तो पोरगा दाद मागणार कुणाकडे? म्हणून सुरुवातीलाच दोन्ही घरची वडीलधारी माणसं साक्षीला बसवतात, आता तर कित्येकजण सरळ लेखी करारच करून घेतात.