सरदार सरोवर : 'पारी पासू' या दोन शब्दांची पार्श्वभूमी

गुजरातेत नर्मदेवर बांधलेल्या सरदार सरोवर धरणाला केंद्राच्या पर्यावरण खात्याची मंजुरी मिळाली जून 1987 मध्ये. तोवर नवागाम या धरणाच्या जागी बसवलेल्या कोनशिलेला 26 वर्षं झाली होती, राज्यांमधला नर्मदेच्या पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या लवादाचा अंतिम निवाडा येऊन सात वर्षं उलटली होती आणि जागतिक बँकेच्या कर्जाचा करार 1985 सालीच झाला होता. एवढं सगळं पुढे गेल्यावर नकार देणं कोणालाच परवडणारं नव्हतं. मंजुरी मिळाली ती सशर्त. पाणलोट क्षेत्राची सुधारणा, बुडणाऱ्या जंगलाच्या बदल्यात नवी लागवड, लाभक्षेत्रातला निचरा, वन्यजीव, भूकंपाचा धोका, रोगराई यांचे बरेचसे अभ्यास व्हायचेच होते. त्यांना मुदत दिली 1989 पर्यंत. म्हणजे परवानगी आधी आणि अभ्यास नंतर.

ही फट बुजवायला मंजुरीपत्रात लॅटिन शब्द आला : 'पारी पासू'. शब्दशः अर्थ 'सारख्या पावलांनी'. पर्यावरण रक्षणाचे उपाय बांधकामाच्या बरोबरीने आखले जावेत आणि अमलात यावेत, अशी ती अट. त्याच पत्रातली आणखी एक अट मात्र सांगत होती की पाणलोटाची कामं आणि पुनर्वसन जलाशय भरण्याच्या आधी पुरं व्हावं अशा बेतानं आराखडे करावेत. 'बरोबरीने' आणि 'आधी' हे दोन्ही एकाच कागदावर. पुढची दोन दशकं वाद झाला तो बहुतांशी या दोन शब्दांमधल्या अंतरात.

शिवाय पाऊल मोजायचं कसं? धरणाचं पाऊल मीटरमध्ये मोजता येतं. 80 मीटर, 90 मीटर, कोणीही जाऊन बघावं. डोंगरउतारावरच्या मातीचं पाऊल कशात मोजणार? आराखडा तयार झाला की पडलं, निधी मंजूर झाला की पडलं, की रोप जगलं की पडलं? पाणलोटातही थेट जलाशयात उतरणारा आणि अतिशय झिजलेला भाग तेवढा प्रकल्पाच्या खर्चात धरला गेला, बाकीचा राज्यांच्या नेहमीच्या योजनांवर सोडला. व्याख्या आखडली की उद्दिष्ट लवकर गाठलं जातं. हे कुठल्याही सरकारी कचेरीत बसलेल्याला समजावून सांगायला नको.

कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने 1992 मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत गंभीर ताशेरे ओढले. 1993 मध्ये उरलेलं कर्ज थांबलं, धरण थांबलं नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे काम सुमारे 80 मीटरवर अडकलं. 18 ऑक्टोबर 2000 चा त्याच न्यायालयाचा निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. बहुमताने 1987 ची मंजुरी वैध मानली आणि उंचीच्या प्रत्येक टप्प्याआधी नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाच्या पर्यावरण उपगटाची संमती घ्यायला सांगितलं. अल्पमताचं म्हणणं, पुरेशी माहिती हाती नसताना दिलेली मंजुरी ही मंजुरीच नव्हे. तज्ज्ञ समितीने परिणाम तपासेपर्यंत काम थांबवा. निकाल गाजला तो बहुमतामुळे, पण मंजुरीच्या क्रमातली मूळ गफलत नेमकी पकडली अल्पमतानेच.

महाराष्ट्राचा संबंध वीज आणि बुडीत यांपुरता. विजेत 27 टक्के वाटा, आणि अक्कलकुवा-अक्राणीतली 33 गावं पाण्याखाली. या गावांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याजवळचं सुमारे 4,200 हेक्टर वनक्षेत्र मोकळं केलं गेलं. जंगल बुडालं म्हणून माणसं हलवली, माणसं हलवली म्हणून दुसरं जंगल गेलं. भरपाईच्या लागवडीचा एक भाग झाला गुजरातेत कच्छमध्ये. हेक्टरांचा हिशेब जुळतो. पण सातपुड्यातल्या साग-मोहा-बांबूच्या जंगलाच्या जागी कच्छच्या कोरड्या रानातली झाडं कशी मोजायची, याला कुठल्या तक्त्यात रकाना नव्हता.

2010 मध्ये केंद्रानेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अटींचं पालन अपुरं असल्याचं सांगितलं आणि उपाय पुरे होईपर्यंत जलाशय आणखी भरू नये असं सुचवलं. तेव्हा धरण 121.92 मीटरवर होतं. 2014 मध्ये धरणाच्या माथ्यावरचे दरवाजे बसवून उंची वाढवायला परवानगी मिळाली, 2017 मध्ये ते बंद झाले, सप्टेंबर 2019 मध्ये पाणी 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचलं.

धरणाखालच्या नदीची गोष्ट याहून जुनी. लवादाने 28 दशलक्ष एकर-फूट पाणी वाटलं : मध्य प्रदेश 18.25, गुजरात 9, राजस्थान 0.5, महाराष्ट्र 0.25. बेरीज बरोबर 28 येते. भरूचच्या मुखापर्यंत नदी वाहती राहावी म्हणून वेगळा आकडा त्यात नाही. धरणाखाली 600 क्युसेक (सेकंदाला 600 घनफूट) पाणी सोडण्याचं प्रमाण पुढे ठरलं, आणि खारं पाणी आत शिरतं, हिल्सा मासा मिळत नाही, ही भरूचच्या कोळ्यांची तक्रार त्या आकड्याभोवतीच फिरते आहे. या वाटपाचा फेरविचार 45 वर्षांनी करता येईल, असं निवाड्यातच लिहिलं होतं. ती मुदत डिसेंबर 2024 मध्ये पुरी झाली.