स्टॅटिन आणि एट्रियल फिब्रिलेशन

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनी हृदयाचे अनियमित ठोके टळतात का, हा हृदयरोगतज्ज्ञांमध्ये बराच काळ वादाचा विषय होता. वाद मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशनबद्दलचा. या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, धड आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूत जाऊन अडकली, तर पक्षाघात होतो.

जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांना १९७०च्या दशकात बुरशीत पहिले स्टॅटिन सापडले. १९८७ साली लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्यासाठी लागणारे एक विकर ही औषधे रोखतात. ठोक्यांच्या बाबतीत आशा वाटली ती मात्र त्यांच्या दुसऱ्याच गुणामुळे: ती दाहही कमी करतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत अनेक रुग्णांचे ठोके बिघडतात आणि त्यामागे दाहाचा हात असावा, असा कयास होता.

इटलीतल्या आर्मिडा-३ चाचणीने (२००६) तो उचलून धरला. शस्त्रक्रियेच्या सात दिवस आधीपासून रोज ४० मिलिग्रॅम अॅटोर्वास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांना हा त्रास झाला. फरक डोळ्यांत भरणारा होता, पण रुग्ण होते अवघे २००. चीनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांसह झालेल्या स्टिक्स चाचणीत (२०१६) १,९२२ रुग्ण होते. तिथे रोसुवास्टॅटिन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के निघाले आणि न घेणाऱ्यांतही जवळजवळ तेवढेच. उलट, औषध घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण जास्त आढळले. लहान चाचण्यांवर विसंबण्यात घाई झाली होती, असेच म्हणावे लागते.

त्यामुळे केवळ ठोके सांभाळण्यासाठी आज स्टॅटिन सुरू करत नाहीत. हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठी ते आधीपासून चालू असेल, तर शस्त्रक्रियेसाठी सहसा बंदही करत नाहीत. एट्रियल फिब्रिलेशन टाळायचे तर रक्तदाब, वजन आणि मद्यपान आटोक्यात ठेवण्यावर भर असतो. रक्तातली चरबी घटवणारे सगळेच उपाय ठोक्यांना निरुपद्रवी असतात असेही नाही: ट्रायग्लिसराइड उतरवण्यासाठी देतात त्या ओमेगा-३च्या मोठ्या मात्रेने एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण वाढल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे.