छेदातली स्कूटर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला टेकून एक स्कूटर उभी आहे. एमएच-12 नंबर, आकुर्डीची पैदास, दोन्ही टायर बसलेले, ताडपत्रीखाली मांजरीचं बाळंतपण. मालक काका ती विकत नाहीत आणि भंगारातही देत नाहीत. दहा-बारा वर्षांत ती हललेली नाही, पण भारताचा अपघातदर केसभर खाली आणण्याचं पुण्य मात्र तिच्या पदरी आहे.

शाळेतला अपूर्णांक आठवा. अपघातदरात वर, म्हणजे अंशात, मृत्यू असतात. खाली छेदात काय ठेवायचं, इथेच सगळी गंमत आहे.

2019 हे कोविडच्या आधीचं वर्ष घेऊ. त्या वर्षी भारतात रस्त्यावर 1,51,113 माणसं गेली, अमेरिकेत 36 हजारांच्या वर. छेदात लोकसंख्या ठेवली तर दोन्ही देशांत लाख लोकसंख्येमागे सुमारे 11 मृत्यू येतात. म्हणजे आपण अगदी अमेरिकेच्या तोडीस तोड! आता छेदात नोंदणीकृत वाहनं ठेवा. मार्च 2020 अखेर आपल्याकडे ती 32 कोटी 63 लाख होती. लाख वाहनांमागे आपले मृत्यू 46, त्यांचे 13. माणसं तीच, वर्ष तेच, फक्त खालचा आकडा बदलला.

या 32 कोटींत आमची स्कूटरही आली. दुचाकीचा कर एकरकमी भरलेला असतो. नोंदणी रद्द करायला आरटीओत खेपा कोण घालणार? त्यामुळे आपल्याकडचा एकूण आकडा बराचसा साठत गेलेल्या बेरजेसारखा आहे. मेलेल्या गाड्या त्यात जिवंत राहतात, छेद फुगतो आणि दर असतो त्याहून बरा दिसतो. म्हणजे 46 हा आपल्या बाजूने झुकलेला आकडा!

या छेदाची दुसरी खोड मला जास्त खुपते. लक्ष्मी रोडवर हातात पिशव्या घेऊन, दोन रिक्षांच्या मधून वाट काढणाऱ्या बाईला गाडीने उडवलं तर ती अंशात जाते. छेदात तिचं काहीच नसतं, कारण तिच्या नावावर गाडीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023च्या अहवालानुसार जगभरातल्या 11 लाख 90 हजार वार्षिक बळींपैकी 23 टक्के पादचारी आहेत.

आर. जे. स्मीड या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने 1949 साली वीस देशांचे 1938चे आकडे मांडून एक सूत्र बसवलं. वाहनांची संख्या गुणिले लोकसंख्येचा वर्ग, याच्या घनमुळाच्या प्रमाणात मृत्यू वाढतात. लोकसंख्या तेवढीच ठेवून वाहनं दुप्पट करून पाहा. एकूण मृत्यू 26 टक्क्यांनी वाढतात, पण प्रति वाहन दर 37 टक्क्यांनी घसरतो. पुढे अनेक देशांनी मृत्यू या सूत्राच्या बरेच खाली आणले, त्यामुळे त्याला नियम म्हणणं जरा धाडसाचंच. पण कुणी नुसता प्रति वाहन दर दाखवून पाठ थोपटून घेत असेल, तर स्मीडसाहेबांची आठवण ठेवावी. रस्त्यावर काहीही न सुधारता, फक्त शोरूमच्या भरवशावर तो दर उतरतो.

अंश तरी पक्का असेल असं वाटतं. पण अपघातात मेला कोणाला म्हणायचं? जागेवर गेलेला तर नक्कीच, पण विसाव्या दिवशी अतिदक्षता विभागात गेलेला? आंतरराष्ट्रीय तुलनेत 30 दिवसांची मुदत धरतात. फ्रान्स 2004पर्यंत सहा दिवसच मोजत असे. जपानी पोलिसांचा गाजलेला आकडा अजूनही 24 तासांचा असतो, 30 दिवसांचा ते वेगळा देतात. म्हणून ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या अपघात-माहितीसाठ्यात आकडे शेजारी मांडण्याआधी ते एका मापात आणावे लागतात.

आपल्याकडे हे माप कागदातून वाट काढतं. सातारा रस्त्यावर धडक बसते, पोलीस ठाण्यात गंभीर दुखापतीचा गुन्हा नोंदवला जातो. जखमीला आधी जवळच्या दवाखान्यात नेतात, मग पैशांचा अंदाज आला की मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवतात. तिथे तो अठरा दिवसांनी जातो. ती खबर मूळ ठाण्यात पोहोचली पाहिजे, तपास अंमलदाराने ‘कलमवाढ’ केली पाहिजे, म्हणजे गुन्ह्याला मृत्यूचं कलम जोडलं पाहिजे, मग महिन्याच्या तक्त्यातही दुरुस्ती झाली पाहिजे. एक कडी निसटली की माणूस जखमींच्याच रकान्यात राहतो. 2016 साली भारताने 1,50,785 मृत्यू कळवले, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र 2,99,091 होता. तो गणिती प्रतिमानातून (मॉडेलमधून) काढलेला अंदाज आहे आणि त्यावर वाद घालता येतो. पण जवळजवळ दुपटीची दरी नुसत्या वादाने बुजत नाही.

किरकोळ अपघातांची तर गोष्टच वेगळी. कर्वे रोडच्या सिग्नलला दुचाकीचा आरसा मोटारीला घासतो, दोघे उतरतात, एकमेकांची अक्कल काढतात, चार बघे “जाऊ द्या हो, मिटवून टाका” म्हणतात आणि पाचशेची नोट हात बदलते. याची नोंद कुठेच होत नाही. परिणाम असा, की 2019च्या आकड्यांत दर शंभर अपघातांमागे आपल्याकडे जवळजवळ 34 मृत्यू दिसतात. अमेरिकेत पोलिसांनी नोंदवलेले अपघात 67 लाखांच्या घरात असल्याने तिथे शंभरामागे एकही भरत नाही. आपले अपघात जीवघेणे आहेत यात वाद नाही. पण या 34मध्ये मिटवून टाकलेल्या प्रकरणांचाही मोठा हात आहे.

माझ्या मते सर्वांत प्रामाणिक छेद म्हणजे गाड्या प्रत्यक्षात किती चालल्या त्याचे किलोमीटर. अमेरिकेत 2019 साली दर 100 कोटी वाहन-किलोमीटरमागे जवळपास सात मृत्यू झाले. हे किलोमीटर मोजायला रस्त्यावर गाड्या मोजणारी यंत्रं लागतात, नाहीतर गाड्यांची मीटरं वाचावी लागतात. ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणीला न्यावी लागते आणि तिथे मीटरवरचा आकडा टिपला जातो.

परवा ताडपत्री उचलून आमच्या स्कूटरचं मीटर पाहिलं. काटा 41 हजारांच्या पुढे थांबलाय. काकांना विचारलं, तर म्हणाले, “केबल तुटली होती रे, घातलीच नाही नवी.” त्यानंतरही चारेक वर्षं ते रोज त्याच स्कूटरवर मंडईत जात होते.