दाटीवाटीने राहणारा दुर्मीळ पक्षी

धनेश दिसावा म्हणून पक्षिनिरीक्षक एरवी जंगलात तासन्‌तास माना वर करून थांबतात. अंदमानजवळच्या नारकोंडम बेटावर तशी वेळ येत नाही. २०१९-२० च्या हिवाळ्यात नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी या बेटावर पाहणी केली, तेव्हा दर चौरस किलोमीटरला सुमारे १५१ धनेश असा हिशेब निघाला. जगात कुठल्याच धनेशाची इतकी दाटी याआधी नोंदली गेली नव्हती.

आणि तरीही नारकोंडम धनेश आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत आहे, ‘असुरक्षित’ या वर्गात. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांमध्ये ठेवलं आहे. कारण साध्या गुणाकारात आहे. बेटाचं क्षेत्रफळ जेमतेम ६.८ चौरस किलोमीटर. त्याला १५१ ने गुणलं की उत्तर येतं हजाराच्या किंचित वर. या जातीचे जगातले सगळे पक्षी तेवढेच, कारण नारकोंडमखेरीज हा धनेश दुसरीकडे कुठेही नाही.

नारकोंडम म्हणजे समुद्रातून ७१० मीटर वर आलेला निद्रिस्त ज्वालामुखी. उत्तर अंदमानपासून तो पूर्वेला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत दाट रानाने झाकलेला आहे. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी या धनेशाचं शास्त्रीय वर्णन केलं. (होय, तेच ह्यूम. पुढे बारा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे.) गंमत म्हणजे अंदमानच्या एवढ्या मोठ्या, तितक्याच हिरव्या बेटांवर एकही धनेश राहत नाही. या पक्ष्याचे जवळचे नातेवाईक म्यानमारकडच्या मुख्य भूमीवर आहेत. त्यांच्यातले काही पक्षी कधीतरी समुद्र ओलांडून या एकट्या डोंगरावर आले असावेत आणि इथलेच झाले असावेत.

नर आणि मादी लांबूनही ओळखता येतात. नराचं डोकं आणि मान विटकरी तांबूस, मादीची काळी. शेपूट दोघांची पांढरी, गळ्याची पिशवी निळसर. विणीच्या हंगामात, साधारण फेब्रुवारीपासून, मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. एक उभी फट तेवढी उरते. त्या फटीतून नर पुढचे कित्येक आठवडे तिला, आणि मग पिल्लांनाही, भरवत राहतो. म्हणजे या काळात एका नराला काही झालं तर त्याचं अख्खं घर धोक्यात येतं. शिवाय अशी ढोली कोवळ्या झाडात मिळत नाही. त्यासाठी धनेशाचं अंग मावेल इतका जाडजूड, वयस्कर बुंधा लागतो.

मग एवढ्याशा बेटावर इतके धनेश पोसले कसे जातात? उत्तर वड-उंबराच्या कुळात आहे. नारकोंडमच्या रानात या कुळातली झाडं भरपूर आहेत. त्यांची फळं एकाच मोसमात येत नाहीत. एक झाड रिकामं होतं तेव्हा दुसरं लगडलेलं असतं, त्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे पंगत चालू राहते. त्यात वाटेकरी कमी. मुख्य भूमीवरच्या जंगलात हीच फळं माकडं, खारी, हरणं अशा कितीतरी प्राण्यांच्या पोटात जातात, आणि इथे माकडं नाहीत की हरणं नाहीत. खाणारे मुख्यतः पक्षी आणि वटवाघळं. धनेश फळ गिळतो, बी दूर नेऊन टाकतो, तिथे नवं झाड उगवतं. पक्षी रानावर जगतो आणि रान बऱ्याच अंशी त्याच्याच पोटातून उगवतं. मोठ्या बिया गिळू शकेल असा गडी या बेटावर दुसरा क्वचितच असेल.

याआधीचे बहुतेक अंदाज तीन-चारशे पक्ष्यांचे होते. मग आता हजार झाले म्हणजे संख्या तिपटीने वाढली का? तसं म्हणायची घाई मी करणार नाही. दाट रानात आपल्या वाटेपासून पन्नास मीटरवर बसलेला धनेश नजरेतून सहज सुटतो. म्हणून मोजणारे दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याचं वाटेपासूनचं अंतर लिहून ठेवतात, अंतरागणिक नजर किती कमी पडते ते ताडतात आणि न दिसलेल्यांचा हिशेब मांडतात. पद्धत बदलली की आकडा बदलतो. दोन वेगवेगळ्या फूटपट्ट्यांनी घेतलेली मापं शेजारी मांडून ‘वाढ झाली’ असा मथळा देण्यात अर्थ नाही.

वर्ग ठरवतानाही आययूसीएन फक्त डोकी मोजत नाही. एक निकष संख्येचा आहे. प्रजननक्षम पक्षी ५० पेक्षा कमी असतील तर ‘अतिसंकटग्रस्त’, २५० पेक्षा कमी तर ‘संकटग्रस्त’, हजारापेक्षा कमी तर ‘असुरक्षित’. नारकोंडम धनेश पूर्वी यातल्या मधल्या वर्गात होता. दुसरा निकष जागेचा. एखाद्या जातीच्या वावराचं क्षेत्र साधारण २० चौरस किलोमीटरहून कमी असेल आणि एखाद्या आघाताने ती झपाट्याने नष्ट होऊ शकत असेल, तर संख्या कितीही असो, ती ‘असुरक्षित’च. माझ्या मते या धनेशाच्या बाबतीत हा दुसरा निकष जास्त बोलका आहे. कारण उद्या सगळं सुरळीत चाललं तरी बेट आधीच भरलेलं आहे, नव्या पिढीला पसरायला जागा कुठली? जंगलाचा एक तुकडा गेला तर तिथले पक्षी शेजारी सरकून भागवतील असंही नाही, कारण शेजारही भरलेला.

धोका कसा येतो ते शेळ्यांनी दाखवलं. १९६० च्या दशकाअखेर बेटावर पोलीस चौकी झाली, आणि तिथल्या माणसांसाठी शेळ्या आल्या. त्यातल्या काही रानात गेल्या आणि वाढल्या. शेळ्या धनेशाला हात लावत नाहीत, त्या रोपं खातात. जुनी झाडं उभीच असतात, ढोल्याही असतात, पक्षी मोजले तर आकडा ठाकठीक येतो. पण उद्याची झाडं जमिनीवरच संपत असतात, आणि हा तोटा पक्ष्यांच्या गणतीत दिसेपर्यंत दशकं जातात. शेळ्या पुढे हटवण्यात आल्या हे बरं झालं. तरी यापुढे धनेश मोजायला जाणाऱ्यांनी रोपंही मोजावीत.

त्यानंतरचा वाद रडारचा. तटरक्षक दलाला इथे टेहळणीसाठी रडार हवं होतं. त्यासोबत वीज, डिझेल आणि वर जाणारा रस्ता आलाच. २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने प्रस्ताव नाकारला, २०१४ मध्ये मान्य केला. सीमेवरच्या बेटावर सुरक्षेची गरज खोटी म्हणता येत नाही. पण माणसं आणि सामान यांची ये-जा वाढली की त्यांच्यासोबत काय उतरतं, ही चिंताही खोटी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर मालासोबत एक तपकिरी झाडसाप पोहोचला आणि त्याने तिथले बहुतेक रानपक्षी संपवले. ग्वामची पाणकोंबडीच्या कुळातली एक जात पिंजऱ्यात वाढवून वाचवावी लागली. शेजारच्या एका छोट्या बेटावर ती सोडल्यावर २०१९ मध्ये कुठे ‘निसर्गातून नामशेष’ हा तिचा शिक्का निघाला.

मग आपल्या धनेशालाही दुसरं घर शोधून ठेवावं का? काहींना हा विमा वाटतो. मला तो आज तरी पटत नाही. अंदमानच्या रानात धनेश कधी नव्हता. तिथे तो सोडला तर तिथल्या फळांवर आणि ढोल्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने तोच घुसखोर ठरेल. त्यापेक्षा नारकोंडमला निघणाऱ्या प्रत्येक बोटीतली पोती आणि खोकी बंदरातच उघडून, उंदीर-साप नाहीत ना हे बघून मग चढवणं कितीतरी स्वस्तात होईल.