सिट-अप्स मोजायच्या कशा ठरल्या?

पोट घट्ट करायचं म्हटलं की बहुतेकजण सिट-अप्स काढायला लागतात. (उठाबशा नव्हेत, उताणं झोपून धड उचलण्याचा व्यायाम.) तो जुना आहेच, पण त्याचा दबदबा वाढला तो एका चाचणीमुळे, आणि ती चाचणी मुळात पाठदुखीच्या रुग्णांसाठी होती.

न्यूयॉर्कमध्ये हान्स क्राउस आणि सोन्या वेबर या डॉक्टरांनी सहा सोप्या हालचाली ठरवल्या. पाय सरळ ठेवून एकदा उठायचं, गुडघे वाकवून एकदा उठायचं, पाय उचलून १० सेकंद धरायचे, अशा. एकदा जमलं की पास. १९५०च्या दशकात हीच चाचणी शाळकरी मुलांना दिली, तेव्हा सुमारे ५८ टक्के अमेरिकी मुलं निदान एका हालचालीत नापास झाली. युरोपातल्या मुलांत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होतं. अमेरिकेत खळबळ उडाली. १९५६मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मुलांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद नेमली.

माझ्या मते घोटाळा झाला तो यानंतर. ‘एकदा उठता येतं का’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘किती वेळा’ हा पुढे आला. शिट्टी, घड्याळ आणि आकडा एवढ्यावर अख्खा वर्ग तपासता येतो, ही सोय मोठी होती. १९८०मध्ये अमेरिकी सैन्यानेही दोन मिनिटांच्या सिट-अप्स चाचणीत घेतल्या.

शरीराचं गणित मात्र वेगळं आहे. पोटाचा सरळ स्नायू बरगड्या आणि ओटीपोटाचं हाड जवळ आणतो, म्हणजे धड थोडंसंच वाकवतो. तिथून पुढे पूर्ण उठून बसवतात ते मांडी उचलणारे स्नायू. त्यातला सोआस थेट कमरेच्या मणक्यांना जोडलेला असतो आणि प्रत्येक वेळी त्यांना ओढतो. म्हणून गुडघे वाकवायला सांगू लागले, पण त्यानेही फारसं साधलं नाही. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी मोजलं, तेव्हा पाय सरळ असोत वा वाकलेले, प्रत्येक सिट-अपला मणक्यावर ३,००० न्यूटनहून (साधारण ३०० किलो वजनाहून) जास्त दाब येत होता.

मॅकगिल यांनी पर्याय दिले ते मणका न हलवता धरून ठेवण्याचे. १९९६मध्ये ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांना दिसलं, की कंबरदुखी असलेल्यांत पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू उशिरा जागा होतो. त्यानंतर ‘कोअर’ (धड स्थिर धरणारे पोट-कमरेचे स्नायू) हा शब्द जिमच्या भिंतींवर पोचायला वेळ लागला नाही. २०२२मध्ये अमेरिकी सैन्याच्या चाचणीत पोटासाठी प्लँक ठरला, म्हणजे कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरून ठेवणं.

आता प्लँकची मिनिटं मोजतात. मॅकगिल मात्र १० सेकंदांच्या आसपास धरून सोडायला आणि पुन्हा धरायला सांगतात. क्राउस-वेबर चाचणीतही पाय तेवढेच धरायचे होते.