दोन लेगिंग आणि वर जीन्स: बर्फातला चुकीचा सल्ला

मनालीची सहल ठरली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एकच सल्ला फिरतो: "आत दोन लेगिंग घाल, वर जीन्स चढव, थंडी वाजणार नाही." हा समज चुकीचा आहे. त्यापायी आपल्या बायका बर्फात कुडकुडतात, म्हणून हे लिहितेय.

ऊब कापड देत नाही, त्यात अडकलेली हवा देते. घट्ट थरांत ती हवाच उरत नाही. शिवाय जीन्स सुती. बर्फात बसलं की भिजते, आणि पाणी हवेच्या जवळपास 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. खानापूरच्या पावसात भिजलेली जीन्स वाळायला किती वेळ लागतो, ते आठवा.

त्याऐवजी स्नो पँट घाला, म्हणजे बर्फासाठीची, आत ऊबदार भरण असलेली वॉटरप्रूफ पँट. ती घेताना, भाड्याने असली तरी, वॉटरप्रूफचा आकडा बघा; किती उंच पाण्याचा दाब कापड न गळता झेलतं, ते तो सांगतो. 10,000 मिलिमीटर चांगला. भरण सिंथेटिक असेल तर ओलं झालं तरी थोडी ऊब टिकते. आत लोकरीची किंवा पॉलिएस्टरची एकच थर्मल पुरे. माप बायकांचंच घ्या आणि दुकानातच उकिडवं बसून बघा. मांडीवर किंवा नितंबांवर ताण आला तर भरण दबतं, मग एक माप मोठं मागा. घोट्याशी बुटावर बसणारा आतला इलॅस्टिकचा घेर हवाच, नाहीतर बर्फ थेट मोज्यात शिरतो.